आगेऱ्याला वाहिलेलं गवत

बस्त्यावकाकाचा फोटो मी आमच्या हॉलमध्ये लावलेला नाही. पपांचा आहे, आजी-आजोबांचा आहे, ज्यांना मी कधी पाहिलंही नाही अशा एका पणजोबांचाही आहे. भिंतीवर जागा नाही म्हणावं तर तसंही नाही. धाकटा भाऊ दर नाताळाला विचारतो, अगं, सख्खा काका तो, पपांचा थोरला भाऊ, माणूस जाऊन किती वर्षं झाली, लाव की आता. मी म्हणते, खिळा मिळत नाही. मला पन्नाशी उलटून गेली, गुडघे कुरकुरतात, रक्तदाबाची गोळी सकाळी उठल्या-उठल्या घ्यावी लागते, पण हा राग मात्र ठणठणीत आहे. तो कुठून आला ते एकदा लिहून ठेवते. तोंडावर मी काकाला अहो-जाहोच करायचे. लिहिताना करणार नाही, आधीच सांगून ठेवते.

निर्मळला जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची वाडी होती. आजही आहे, आणि ती आहे याला कारण माझी आई. पपा मुंबईला एका कचेरीत कामाला, सकाळी डबा घेऊन गेले की दिवेलागणीला परत. मऊ माणूस. थोरल्या भावासमोर खुर्चीत बसायचे तर अर्ध्या खुर्चीत बसायचे. वाडी सगळी आईच्या अंगावर. मी लहान होते तेव्हा वाडीत पानवेली होत्या, शेवरीच्या झाडांवर चढवलेल्या, आणि आत शिरलं की भर उन्हातही अंगाला गार लागायचं. मग वेलींना मर लागली. एकेक पिवळी पडत गेली आणि शेवटी नुसती शेवरी उभी राहिली, माड उभे राहिले आणि मधलं बावखल. बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं, पावसाचं पाणी धरून ठेवणारं. त्याच्या जिवावर आमची विहीर वैशाखातही गोड असायची. आजूबाजूच्या विहिरी तोवर मचूळ व्हायला लागल्या होत्या, कारण विरारकडे इमारती धडाधड उभ्या राहत होत्या, फुलपाड्याला तर माणसं आधी राहायला येत आणि नळ मागून, आणि त्यांची तहान भागवायला आमच्याकडच्या विहिरींवर टँकर लागत होते. बस्त्यावकाकाने आपली विहीर टँकरवाल्याला दिलेली होती. आमच्या विहिरीवर त्याचा डोळा होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पपा सोडून.

गवत आणलं आईने. माझा मामा पालघरकडे एका सरकारी शेतावर राखणीला होता, तिथे जनावरांसाठी हत्तीगवत लावलेलं तिने पाहिलं आणि येताना कांड्यांचं एक गाठोडं एसटीत टाकून घेऊन आली. उसासारख्या कांड्या, प्रत्येकीला दोन डोळे ठेवून तोडलेल्या, एक डोळा मातीत पुरायचा आणि एक वर ठेवायचा, तिरपी कांडी. उन्हाच्या पट्ट्यात हत्तीगवत आणि माडांच्या सावलीत गिनी गवताचे ठोंब. शेवरी होतीच, तिचा पाला गवतात मिसळायचा, त्याने दूध वाढतं. बाया कुंपणापाशी थांबून हसायच्या. जन्मभर आम्ही ओणव्याने गवत उपटलं आणि ही बघा, पैसे मोडून गवत लावते. आई कंबर सरळ करून म्हणायची, हसा, दात किडलेले दिसतायत. ही आमची आई. आम्ही घरात आमची वाडीची बोली बोलायचो, तिची ही बोलणी त्या बोलीत जास्त झोंबायची, पण माझ्या मुलांना ती कळत नाही म्हणून इथे शाळेतल्या मराठीत लिहिते आहे.

गवत माजलं. दुसऱ्या पावसात तर माणूस आत गेला की दिसेना. सकाळी आई आणि मी विळे घेऊन आत शिरायचो, आणि मला अजून तो आवाज कानात आहे, मुठीत जुडगा धरून खालून विळा ओढला की येणारा खर्रर्र आवाज आणि पाठोपाठ पानांवरचं दव अंगावर. बुडखा वीतभर ठेवायचा, त्यातूनच पुढचं फुटतं. पात्यांच्या कडा हात कापायच्या, बारीक कूस मानेत घुसायची, आणि कापून झाल्यावर आई माझ्या हातांना खोबरेल चोळायची, इतकं जोरात की कापण्यापेक्षा ते जास्त दुखायचं. मग न्याहारी. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, आणि रात्रीचं कालवण उरलं असेल तर तेही. पावसाळ्यातलं कोवळं गवत ती कधी तसंच देत नसे, अर्धा दिवस पसरून कोमेजू द्यायची, नाहीतर जनावराचं पोट फुगतं. रस्त्यापलीकडे रामसजीवन नावाच्या माणसाचा म्हशींचा तबेला होता. तो पहिल्यांदा दोन भारे सायकलला बांधून घेऊन गेला, मग टेंपो पाठवायला लागला. त्याच्या म्हशी आमच्या गवतावर पोसल्या गेल्या, हे तो स्वतः सगळ्यांना सांगायचा. बस्त्यावकाकाच्या दोन म्हशींनाही आमच्याकडूनच गवत जायचं, आणि ते फुकट. भाऊच ना, पपा म्हणायचे.

मे महिन्यात काकाच्या थोरल्या मुलाचं लग्न झालं. काय तो थाट. दारात मांडव, बँड, मागच्या परसात चुलाणांवर ही भलीमोठी पातेली, मटणाचा वास निर्मळच्या तळ्यापर्यंत गेला असेल. काकाला मोठेपणाची भारी हौस, त्याने जेवायला बोलावलेल्यांपेक्षा जास्त माणसांचा भात शिजवायला लावला. उरला. पातेलीच्या पातेली उरला, पावही टोपल्याभर उरले. दुसऱ्या दिवशी मी मागे विहिरीवर भांडी घासायला बसले होते. कतरीनकाकी, काकाची बायको, आली, भाताला हात लावून बघितला, वास घेतला, आणि घमेलं भरभरून तो भात गोठ्यातल्या मोठ्या म्हशीपुढे ओतला. वरून पाव कुस्करून घातले. टाकून देण्यापेक्षा मुक्या जिवाच्या मुखी लागेल, म्हणाली. म्हशीने सगळं चाटूनपुसून खाल्लं. एवढा शिजलेला भात जनावराच्या पोटात आंबतो आणि जीव घेतो, हे तिला काय कळणार, आणि काकीला तरी काय कळणार. आमच्याकडे लग्नाघरचं उरलेलं जनावराला घालणं हे पुण्याचं समजायचे. म्हैस दुसऱ्या दिवशी रवंथ करीना, तिसऱ्या दिवशी बसली ती उठलीच नाही. पोट ढोलासारखं ताणलेलं. गुरांचा डॉक्टर आला तेव्हा उशीर झाला होता. त्याने विचारलं, काय खाल्लं होतं हिने? आणि काकाने, माझ्यादेखत, आवाज चढवून सांगितलं की आमच्या मार्थाने ते बाहेरचं गवत लावलंय ना, तेच.

मार्था म्हणजे माझी आई. काका तिथेच थांबला असता तर मी म्हटलं असतं, माणूस घाबरला, तोंडातून गेलं. पण त्याने ते गावभर नेलं. दुकानात सांगितलं, बस थांब्यावर सांगितलं, रविवारी मिस्सा झाल्यावर देवळाच्या पायरीवर उभं राहून सांगितलं की विषारी गवत आहे, माझी दुभती म्हैस गेली, तुमची जनावरं सांभाळा. देऊळ म्हणजे चर्च, आम्ही देऊळच म्हणतो, आणि मिस्सा म्हणजे तिथली उपासना. रामसजीवनचा टेंपो यायचा बंद झाला. तो बिचारा आईसमोर हात जोडून म्हणाला, भाभी, मला माहीत नाही खरं काय, पण माझ्या म्हशी हेच माझं सगळं आहे. ऐन उन्हाळ्यात, जेव्हा हिरव्या काडीला सोन्याचा भाव, तेव्हा आमचं गवत उभ्याउभ्या जून झालं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी आईला म्हटलं, मी सांगते सगळ्यांना, काकीने भात घातला, मी डोळ्यांनी बघितलं. आई गवताला पाणी सोडत होती. फावडं टेकून तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू सांगशील आणि तो म्हणेल बायकांनी केलं, मला काय ठाऊक. मार कतरीन खाईल. ती नको. मला तो हवाय." मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि मला वाटलं आई भ्याली. आता कळतं, भ्यालेली बाई अशी बोलत नाही. सूड घ्यायचा तर शेजारचं भांडं फुटू न देता घ्यायचा, हे मी तिच्याकडून शिकले, आणि पुढे सासरी ते मला फार उपयोगी पडलं.

पावसाळ्यात काका घरी आला. छत्री पडवीत उघडीच ठेवली, पपांच्या खुर्चीत पूर्ण बसला आणि पपा त्याच्यासमोर स्टुलावर. आईने चहा दिला. काका भलताच गोड बोलत होता. दुमिंग, तू दिवसभर मुंबईत, मार्था एकटी किती राबणार, गवताचं तर हे असं झालं, वाडी माझ्याकडे दे सांभाळायला. विहिरीवर टँकर लागेल, तुलाही घरबसल्या मिळेल. कागद वगैरे आपल्यात कशाला. पपा चहाच्या बशीकडे बघत होते. मला दिसत होतं की ते हो म्हणणार. थोरला भाऊ मागतोय आणि ते नाही म्हणतील असं कधी घडलंच नव्हतं. टँकर लागला की बावखल आटणार, विहीर खारी होणार, मग माड जाणार, आणि वाडी नावाला आमची राहणार, हे आईला दिसत होतं तसं मलाही दिसत होतं. तेव्हा आई दारातून म्हणाली, आगेरा होऊ दे. तोवर गवत विकलं गेलं नाही तर घ्या तुम्ही वाडी. काका हसला. म्हणाला, होऊ दे की. पपांनी सुटकेचा निःश्वास टाकला, कारण निर्णय त्यांच्यावरून टळला होता.

आगेरा म्हणजे आमचा सुगीचा सण. पाऊस संपला की एका रविवारी नव्या भाताच्या लोंब्या, पहिलं पीक देवळात न्यायचं, फादर आशीर्वाद देतात आणि मिस्सा झाल्यावर पटांगणात त्या सगळ्याचा लिलाव होतो. केळीचे लोंगर, भोपळे, नारळ, अंडी, एखादा कोंबडा. लिलाव पुकारायचा मान कितीतरी वर्षं बस्त्यावकाकाचा, कारण त्याच्यासारखा आवाज पंचक्रोशीत नव्हता. आणि आमच्या देवळात एक रीत होती, पुकारणाऱ्याने वस्तू आधी स्वतः चाखायची आणि मग तिचे गुण सांगायचे. केळं असेल तर सोलून खायचं, काकडी असेल तर कडकन चावायची, भाताची लोंबी असेल तर दाणा दाताखाली धरायचा. लोकांना भारी मजा यायची. काका पांढरी पँट, पांढरा शर्ट घालून टेबलावर चढायचा आणि एकेका घासाचं असं कौतुक करायचा की कडू दुधीसुद्धा विकला जायचा.

त्या वर्षी आई पहाटे उठून वाडीत गेली. गिनी गवताचा सगळ्यात लुसलुशीत जुडगा कापला, त्याला शेवरीची पानं लावली, केळीच्या सोपटाने घट्ट बांधला आणि आपलं लग्नातलं लुगडं नेसून तो भारा डोक्यावर घेऊन मिरवणुकीत चालायला लागली. भाताच्या लोंब्या, फुलं, फळं आणि मध्ये गवत. मी तिच्या बाजूने चालत होते आणि लाजेने माझे कान तापले होते. मागून कोणीतरी म्हणालं, देवाला काय बैल समजलीस का ग. आईने मान वळवली नाही, भारा डोक्यावर होता. वेदीपाशी फादरांनी क्षणभर बघितलं, मग त्यांनी त्यावरही पाणी शिंपडलं. जमिनीतून आलेलं सगळं देवाचंच, त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

लिलावात काकाने गवत शेवटपर्यंत मागे ठेवलं. मला वाटतं, लोक उठून जातील अशी त्याला आशा असावी. पण कोणी उठेना. सगळ्यांना तो मागे ठेवलेला भारा दिसत होता. पटांगणाच्या फाटकाशी रामसजीवनही येऊन उभा राहिला होता, आईने त्याला बोलावलं होतं हे मला नंतर कळलं. शेवटी काकाने भारा दोन बोटांनी उचलला आणि आवाज बारीक करून म्हणाला, हे आपलं गवत, कोणाला हवं असेल तर बोला. तेव्हा आई पुढे झाली. डोक्यावरचा पदर नीट केला. ओरडली नाही, तिचा आवाज मुळातच खणखणीत होता.

"भाऊजी, चाखायची रीत आहे."

लोक हसले. काकाही हसला, म्हणाला, मार्था, मी काय म्हैस आहे का. पुन्हा हशा. आई हसली नाही. म्हणाली, "विष असेल तर चाखू नका. पण मग फादरांना सांगा, मी देवाला विष वाहिलं म्हणून. आत्ता सांगा, सगळ्यांसमोर."

पटांगणात कोणी हसेना. फादर खुर्चीत पुढे सरकून बसले. काकाच्या चेहऱ्यावरचा रंग मी त्या दिवशी डोळे भरून पाहिला, देवा शपथ, आजही आठवला की मला जेवण गोड लागतं. हो म्हणावं तर आशीर्वाद दिलेल्या वस्तूला विष म्हटलं, तेही वेदीवरून आलेल्या. नाही म्हणावं तर पायरीवर उभं राहून जे सांगितलं ते खोटं. पपा माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. काकीने खाली मान घातली होती. काकाने एक पातं तोडलं. तोंडात घातलं. चावलं. मागून कोणी पोरगं ओरडलं, गुण सांगा, गुण. आणि काकाला म्हणावं लागलं की चांगलं आहे, गोडसर आहे, जनावर आवडीने खाईल. फाटकापासून रामसजीवनने बोली लावली, एकट्यानेच लावली, आणि भारा खांद्यावर टाकून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा टेंपो आमच्या कुंपणाशी उभा होता. वाडीचं नाव काकाने परत काढलं नाही, आणि पपांनीही नाही.

घरी येताना मी नुसती तरंगत होते. पण आईचं तोंड आंबट. मी म्हटलं, जिंकलीस की, आता काय? ती म्हणाली, टेबलावरून उतरल्यावर त्याने रुमालात थुंकलं. मी पाहिलं नव्हतं, कोणीच पाहिलं नव्हतं. तिने पाहिलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात काकाची विहीर साफ खारी झाली. टँकरने इतकी वर्षं उपसल्यावर दुसरं काय होणार. त्याच्या परसातलं हिरवं जळून गेलं, पेंढा संपला, उरलेल्या म्हशीच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. पपा आईला म्हणाले, भाऊ आहे. आई म्हणाली, मी कुठे नाही म्हणते, घेऊन जा म्हणावं, फुकट घेऊन जा, पण स्वतः यायचं. कतरीनला पाठवायचं नाही, मुलाला पाठवायचं नाही. आणि तो यायला लागला, रोज सकाळी, सायकल घेऊन. भारा द्यायचं काम आईने मला दिलं, नुसत्या गवताचा, शेवरीचा पाला न घालता. तिने मला काही शिकवलं नव्हतं, पण पहिल्याच दिवशी मी भारा त्याच्या हातात देण्याआधी त्यातलं एक पातं ओढलं, तोंडात घातलं, त्याच्याकडे बघत सावकाश चावलं आणि मग म्हटलं, घ्या काका, चाखून दिलंय. तो भारा घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मी तेच केलं. तिसऱ्या दिवशीही. गिनीचं पातं पहिल्यांदा जिभेला खरखरतं, मग थोडं गोड लागतं. पपा एकदा म्हणाले, बाय, पुरे आता, म्हातारा माणूस आहे. मी म्हटलं, म्हातारा तर तेव्हाही होता. मला लोक विचारतात, वाईट नाही वाटायचं का? नाही वाटायचं. मी सकाळ व्हायची वाट बघायचे.

पावसाला थोडेच दिवस राहिले असतील, तेव्हा एका सकाळी तो आला, सायकल स्टँडला लावली, आणि मी पातं ओढायला हात पुढे करायच्या आत त्यानेच भाऱ्यातलं एक पातं तोडलं. तोंडात घातलं. माझ्याकडे बघत होता, डोळे लाल झाले होते, चावत राहिला. मग भारा कॅरियरला बांधला आणि सायकल हातात धरून चालत निघून गेला. मी धावत आत गेले. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. तिने भाकरी तव्यावर टाकली, हात पाण्यात बुडवले, आणि मागे न बघता एवढंच विचारलं,

"थुंकला की गिळलं?"

"गिळलं," मी म्हटलं.

"मग उद्यापासून त्याला शेवरीचा पालाही घाल," आई म्हणाली आणि भाकरी उलटली.